चाळीस ताटांची ऑर्डर

गुरुवार, 25 डिसेंबर 2025

कल्याणला अमरावती एक्स्प्रेसमध्ये चढले तेव्हा सामानात चार साड्या, गुडघ्याचा पट्टा, गोळ्यांचा डबा आणि वयनीसाठी नारळाच्या वड्या. मुलगा सोडायला आला होता. "तीन दिवसांसाठी एवढी दगदग कशाला, आई?" म्हणाला. त्याला म्हटलं, पन्नास वर्षांत एकदा आहे, पुढच्या वेळी त्रास देणार नाही.

बर्थ खालचा मिळाला. पंचेचाळिशीपुढच्या बायकांना शक्यतो तो मिळतोच. अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना तिकिटात निम्मी सूट असायची, ती मात्र मार्च 2020 पासून बंद आहे. म्हातारपणाची एक सवलत राहिली, एक गेली. डब्यावर पूर्वी नावांचा चार्ट चिकटवलेला असायचा, तोही गेला. मी टपाल खात्यात चौतीस वर्षं पत्ते वाचले आहेत. कुठे नावांची यादी दिसली की पाय थांबतात. कोण कुठून कुठे चाललंय, कोणाच्या घरात किती माणसं, हे त्या चार्टवरून कळायचं. आता समोरच्या बाईंचं नाव त्यांनी सांगेपर्यंत कळलं नाही, आणि त्यांनी सांगितलंच नाही.

जायचं कारण असं. आमची दहावीची पहिली बॅच, 1975 ची. त्याआधी अकरावीला मॅट्रिक होती. त्या एका वर्षी जुनी अकरावी आणि नवी दहावी दोन्ही बोर्डाला बसल्या. अकरावीची पोरं आम्हाला 'कच्चे' म्हणायची, एक वर्ष कमी शिजलेले. दिवाळीत कोणीतरी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, माझा नंबर शोधून त्यात टाकला, आणि दोन महिने रोज सकाळी सूर्योदय, गुलाब आणि सुविचार सहन केल्यावर आता प्रत्यक्ष भेट. शाळेचं नाव सांगत नाही. दर्यापूर आणि अंजनगावच्या मधल्या भागातलं एक बऱ्यापैकी मोठं गाव, आमच्या गावापासून दोन कोस. त्याला आम्ही शाळेचं गावच म्हणायचो.

शुक्रवार, 26 डिसेंबर

मूर्तिजापूर पहाटे आलं. थंडी अशी की प्लॅटफॉर्मवरचा चहावाला कानटोपीतून फक्त नाक बाहेर काढून बसलेला. पुतण्या गाडी घेऊन येतो म्हणत होता, त्याला नको म्हटलं. मला एसटीने जायचं होतं. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, वयाचा दाखला लागत नाही. शेजारचे आजोबा पंचाहत्तरीपुढचे, त्यांना पूर्ण माफ, पण त्यांच्याकडे आधार कार्ड मागितलं. आजोबांनी ते बंडीच्या आतल्या खिशातून, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांतून काढलं. तोवर बस लाखपुरीला पोचली होती.

पूर्णेच्या पुलावर मी नेहमीसारखी उजवीकडे बघत राहिले. इथून आमचा मुलूख सुरू होतो, खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. ते पिकाला दिलं तर जमीन मरते. म्हणून पावसावर येईल तेवढंच: पऱ्हाटी, तूर, मूग, आणि मातीतल्या ओलीवर हरभरा. माती मात्र अशी काळी की पावसाळ्यात चप्पल ठेवून घेते. लहानपणी विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. प्यायला नदीच्या वाळूत झिरा खणायचा आणि वाटीवाटीने घागर भरायची. डोंबिवलीत नळ सोडून कोणी दात घासू लागलं की अजूनही माझ्या पोटात कालवतं.

शकुंतलेचे रूळ बाभळींत अधूनमधून दिसले. मूर्तिजापूर ते अचलपूर ही नॅरोगेज, अडीच फुटी. कापूस वाहून न्यायला इंग्रजांच्या काळात एका विलायती खाजगी कंपनीने टाकलेली. माझ्या लहानपणी तिला वाफेचं इंजिन होतं, 1921 साली मँचेस्टरला बनलेलं. ते 1994 पर्यंत चाललं. इतकी हळू जायची की पोरं उतरून बोरं वेचून पुन्हा चढत असत. अर्थात हे सगळेच सांगतात, पण मी स्वतः एकाही पोराला उतरताना पाहिलं नाही. आता गाडी बंद आहे आणि ब्रॉडगेज होणार होणार असं ऐकत माझी नोकरी संपली.

घरी पोचले तर ओसरीत मोठी आई, म्हणजे मोठी काकू, उन्हाला बसलेली. नव्वदीला आली आहे.

"कोन व तू?"

"लहान्याची मोठी पोरगी."

"डोंबोलीची?"

"हो."

"मंग कायले उभी हायस? पाय धू."

दर दोन तासांनी हेच. चौथ्यांदा मी विचारण्याआधीच सांगून टाकलं, तर म्हणाली, "मले माहीत हाय, येडी समजतं काय?"

दुपारी पुतण्या कापसाबद्दल बोलला. लांब धाग्याच्या कापसाला यंदा हमीभाव 8110 रुपये. त्यासाठी मोबाइलवर नाव नोंदवायचं, मग सात-बारा, मग नंबर, मग ओलावा तपासणं. दारात येणारा व्यापारी त्याच्या खाली बोलतो पण रोख देतो. त्यात बाहेरच्या कापसावरचं अकरा टक्के आयातशुल्क सरकारने या 31 डिसेंबरपर्यंत माफ केलेलं. घरातल्या एका खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता. आम्ही लहानपणी अशाच खोलीत उड्या मारायचो आणि मग अंगभर खाज. मी नुसतं दार उघडून वास घेतला. दादा मागून म्हणाला, "मार उडी." गुडघ्याचा पट्टा दाखवला त्याला.

शहानूर धरणाचं पाणी आता नळाने येतं, रोज नाही. वयनीने माझ्यासाठी गोड्या पाण्याची वेगळी कळशी भरून ठेवली होती. पाहुणी झाले मी.

शनिवार, 27 डिसेंबर

शाळेच्या फाटकावर फ्लेक्स. 'सुवर्णमहोत्सवी स्नेहमिलन'. त्यावर एकेचाळीस जणांचे फोटो, काही आताचे, काही लग्नातले, एकाचा तर मतदान ओळखपत्रावरचा, त्यामुळे तो फरार आरोपीसारखा दिसत होता. ही सगळी खटपट 'घड्याळ'ने केली. त्याचं खरं नाव आहे, पण नववीत मनगटावर घड्याळ बांधून येणारा तो एकटाच, त्यामुळे पन्नास वर्षांनीही घड्याळच. शाळेतून 1975 चं निकालपत्रक मिळवून त्यावरून त्याने यादी केली. एकेचाळीसपैकी सत्तावीस आले होते. पाच जणांना जमलं नाही किंवा सापडले नाहीत. नऊ जण वारले. त्यांचे फोटो एका टेबलावर, एकच लांब हार सगळ्यांना मिळून.

ओळखण्याचा कार्यक्रम आधी झाला. पुरुष ओळखू येत नाहीत हो. केस गेले, दात बदलले, आवाज बसला. बायका येतात, डोळ्यांवरून. आम्ही दहावीला सहा मुली होतो, त्यातल्या चार आलो. एकीने मला बघून पहिलं वाक्य टाकलं, "तू अजून मान वाकडी करूनच हासतं." मी मान वाकडी करून हसते हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. माझ्या नवऱ्याने बेचाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

मग स्वपरिचय. प्रत्येकाला तीन मिनिटं. पहिल्याने अठरा घेतली आणि त्यात अँजिओप्लास्टीच घेतली अकरा मिनिटं. त्यापुढे प्रत्येकाने आपापला आजार मांडला, जणू मार्कशीट. साखर, दाब, गुडघा, प्रोस्टेट. मुलगा पुण्यात, मुलगी बंगलोरला, नातू अमेरिकेत. एक जण उभा राहिला आणि म्हणाला, "मी अठीच हाय. वावर हाय. पोरगा बी अठीच हाय," आणि बसला. पन्नास सेकंद. सगळ्यात मोठी टाळी त्याला, पण ती त्याला आवडली असं काही वाटलं नाही.

अकरावीच्या बॅचचा एक जण न बोलावता आला होता. घड्याळ जरा कुरकुरला, बॅच आपली नाही म्हणाला. तो म्हणे, "बोर्ड एक, साल एक, शाया एक, मंग?" त्याला खुर्ची दिली. त्याने दिवसभर आम्हाला 'कच्चे' म्हणण्याचा हक्क पुरेपूर वापरला.

गुरुजी आले होते, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, दोन नातवांच्या खांद्यांवर हात ठेवून. इतिहास शिकवायचे. खुर्चीत बसल्यावर त्यांनी नुसतं बोट वर केलं आणि विचारलं, "अडगाव?"

सत्तावीस म्हातारे एका सुरात: "29 नोव्हेंबर 1803!"

"गाविलगड?"

"15 डिसेंबर 1803!"

"शिंद्यांचा तह?"

"सुर्जी-अंजनगाव, 30 डिसेंबर 1803!"

गुरुजींचं म्हणणं असायचं, पानिपत पुस्तकात वाचता, ठीक आहे, पण तुमच्या बैलगाडीच्या रस्त्यावर मराठेशाहीची मान मोडली ती तारीख तरी पाठ असू द्या. आम्हाला तेव्हा त्या मानेचं काही सोयरसुतक नव्हतं. छडी मात्र लक्षात होती.

मग हजेरी. घड्याळने यादी गुरुजींच्या हातात दिली. "हजर सर", "हजर सर". एकाला ऐकू कमी येतं, तो तिघांच्या नावाला हजर म्हणाला. पहिल्या वारलेल्या मित्राचं नाव आलं तेव्हा सगळे गप्प. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. मागच्या रांगेतून कोणीतरी, शाळेत म्हणायचा तसंच म्हणाला, "सर, तो गेला." शाळेत 'गेला' म्हणजे भिंतीवरून उडी मारून पळाला. हसू आलं, आणि मग उरलेल्या आठही नावांना तसंच, "सर, गेला." गुरुजींनी प्रत्येकापुढे खूण केली. पेन होतं त्यांच्याकडे, मी नीट पाहिलं, खरंच खूण केली.

यादी संपली आणि मी विचारलं, "सरकी कुठे आहे?"

माझी बाकावरची मैत्रीण. तिच्या झग्याच्या खिशात कायम सरकी असायची, ढोरांना घालायची त्यातली मूठभर, चघळत बसायची, म्हणून सरकी. आम्ही दोघी एका गावच्या. पाचवी ते आठवी रोज दोन कोस पांदणीतून, वावरांमधल्या वाटेने, सोबत यायचो, जायचो. गणितात तिच्याइतकं कोणी नव्हतं, घड्याळसुद्धा नाही. पाचवीत आम्ही तेरा मुली होतो. दहावीत सहा.

घड्याळने यादी पाहिली. "ते आपल्या बॅचची नव्हती न. दहावीत कोठी होती?"

बरोबरच होतं त्याचं. निकालपत्रकात नाव नसेल तर कसं येणार? कोणीतरी म्हणालं, लग्न झालं असेल. कोणीतरी म्हणालं, आता असेल की नाही कोण जाणे. मग जेवणाची हाक आली आणि विषय ताटावर गेला.

जेवण शाळेच्या मागच्या व्हरांड्यात. कुठल्याशा महिला बचत गटाकडून केलेलं. ज्वारीची भाकर, झुणका, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, कढी, गुळाचा शिरा. ज्वारी आमच्या भागातून सोयाबीनने जवळजवळ हाकलली, त्यामुळे भाकर बघूनच माणसं हळवी झाली. भाकर अशी की पापुद्रा बोटाने उचलावा. मी दोन खाल्ल्या, आणि तिसरी अर्धी मागितली. वाढणारी मुलगी हसून म्हणाली, "अर्धी कायले, पुरी घ्या न, आजी." साखर आहे म्हटलं. शिराही खाल्ला. सांगायला हरकत नाही, डॉक्टर हे वाचत नाहीत.

रविवार, 28 डिसेंबर

पौषातला रविवार. पौषात दर रविवारी ऋणमोचनला पूर्णेकाठी यात्रा भरते. लहानपणी आम्ही बंडीने जायचो, खाली कुटार, वर सतरंजी, बैलांच्या घुंगरांनी झोप यायची. गाडगेबाबांनी लोकसेवेला सुरुवात केली ती त्याच यात्रेत. हातात खराटा घेऊन घाट झाडायचे, हे आमचे आबाजी, म्हणजे आजोबा, सांगत. बाबांचं जन्मगाव शेणगाव आमच्याच अंजनगाव तालुक्यातलं, त्यामुळे आबाजी जरा हक्काने सांगत. यंदा यात्रेला कोणी गेलं नाही. घरचीच यात्रा होती: सगळी भावंडं, चुलत-आत्ये मिळून चौतीस माणसं वावरात, रोडग्यांना.

रोडग्यांबद्दल डोंबिवलीत मी सांगायला जाते आणि लोक म्हणतात, अच्छा, बाटी. नाही हो. जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ, मीठ, ओवा, तेलाचं मोहन, घट्ट मळायचं. लहान लहान पाऱ्या लाटून, तेल लावून, एकीवर एक रचायच्या आणि वरून मोठ्या पारीत गुंडाळून गोळा करायचा. तोवर गड्यांनी गोवऱ्यांचा जगरा पेटवलेला असतो. ज्वाळ विझून निखारा झाला की त्यात रोडगे पुरायचे आणि सारखे फिरवायचे. कधी फिरवायचे हे पुरुषच ठरवतात आणि वर्षभरात स्वयंपाकघरात न आलेला प्रत्येक पुरुष त्या दिवशी तज्ज्ञ असतो. भाजून झाले की फडक्यात घोळून राख झटकायची, हाताने फोडायचा, थर सुटतात, त्यात तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पहिला रोडगा देवाला. दुसऱ्यापासून माणसं बोलत नाहीत.

दादाने बोलण्यासाठी नेमकी ती वेळ निवडली.

"तुमच्या दोघींच्या सह्या लागतीन. हक्कसोडाच्या. पोराले कर्ज काढाचं हाय, सात-बाऱ्यावर तुमचे बी नाव हायेत."

माझी धाकटी बहीण वर्ध्याला असते. ती तूप लागलेली बोटं पुसत लगेच म्हणाली, "मी देतो करून. मले काय करायचं हाय वावराचं? माहेर सुटू नये एवढंच." बापाच्या मागे फेरफारात तिघांचीही नावं लागली होती. 2005 च्या कायद्याने मुलींचा वाटा मुलांच्या बरोबरीचा झाला हे वावरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि ते माहीत असल्याचं कोणी दाखवत नव्हतं. मला तरी ते वावर काय करायचं आहे? त्याचे धुरे मला धड सांगता येणार नाहीत. पण कालपासून ती यादी डोक्यात होती.

"कागद पाठव," मी म्हणाले. "वाचते."

"वाचाले काय हाय त्यात?"

"टपालात होते न मी. न वाचता सही करायची सवय नाही."

दादा निखाऱ्याकडे बघत राहिला. रागावला असं नाही म्हणणार. त्यानेच ते वावर पंचेचाळीस वर्षं कसलं, बोंडअळीच्या वर्षी त्यानेच सोसलं, आई-बापाचं त्यानेच केलं. माझी बाजू सरळ आहे असं मला त्या वेळीही वाटलं नाही, आत्ताही वाटत नाही. वयनीने न विचारता माझ्या ताटात आणखी एक रोडगा फोडला आणि तूप जरा जास्तच ओतलं. ते कोणाच्या बाजूने होतं, मला कळलं नाही.

संध्याकाळी भांडी घासताना वयनीला सहज विचारलं, सरकी आठवते का.

"आठवाले काय झालं? पूर्णेकाठी दिली तिले. हाय न. मागच्या संक्रांतीले वाण घेऊन आल्ती मी तिच्याकडून."

बॅचमधल्या सत्तावीस जणांना जे माहीत नव्हतं ते वयनीला भांड्यावरची राख न झटकता सांगता आलं.

सोमवार, 29 डिसेंबर

पुतण्या मोटारसायकलवर घेऊन गेला. आधी मुद्दाम आमची जुनी पांदण दाखवायला सांगितली. अर्धी शेजारच्या वावरांनी गिळली आहे, अर्धीवर मुरूम टाकलाय. दोन्ही बाजूंनी कापूस, वेचणी चाललेली. वेचणीला किलोप्रमाणे पैसे, आणि तरीही बाया मिळत नाहीत, दुसऱ्या गावाहून ऑटोने आणाव्या लागतात, असं पुतण्या सांगत होता. पांदणीतून शाळेचं गाव दिसत नाही, फक्त त्याची पाण्याची टाकी दिसते. आमच्या वेळी तीही नव्हती. पावसाळ्यात इथे चिखल पोटरीपर्यंत यायचा, आणि तुरी उंच झाल्या की आत कोणी उभं असलं तरी दिसायचं नाही.

सरकीच्या घरापुढे अंगणात बाई डाळ पाखडत होती. पातळ, काळीसावळी, चष्मा दोरीने कानाला बांधलेला. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"ये," म्हणाली. "अडीच भाकरीवाली."

मला काही उलगडेना. तिने शांतपणे सूप झटकलं. "सून सांगत होती. एक डोंबिवलीची आजी, मान वाकडी करून हासते, दोन भाकरी खाऊन तिसरी अर्धी मागे. मी म्हटलं, हेच."

म्हणजे ते जेवण हिच्या बचत गटाचं होतं. दहा बायकांचा गट. अध्यक्ष दुसरी कोणी, सचिव सून, पण हिशेब हिच्याकडे.

"तुला माहीत होतं आमचा कार्यक्रम आहे?"

"ऑर्डर घेतली तवाच. शायेचं नाव ऐकलं, साल ऐकलं."

"मग आली का नाहीस?"

"कोन बलावलं?"

मी गप्प. ती हसली, तक्रार नव्हती त्यात. "आणि भाकरी कोन थापल्या असत्या मंग? आठ किलोच्या पिठाच्या. तुमी तं खाऊन गेले."

चहा झाला. तिचं लग्न 1975 च्या मे महिन्यात, म्हणजे आमच्या निकालाच्या आसपास, सोळाव्या वर्षी. तेव्हा कायद्याने मुलीचं वय पंधरा लागायचं, अठरा झालं 1978 मध्ये. दोन मुलगे, एक मुलगी. नवरा सात वर्षांपूर्वी किडनीने गेला. खारं पाणी, म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. मुलगी अकोल्याला नर्स. "तिले मी बारावीलोक स्वता गणित शिकवलं. पुस्तक वाचून वाचून."

मी मग ते बोलले जे मी डोंबिवलीत कितीदा तरी सांगितलं आहे. नातवाच्या शाळेतसुद्धा एकदा बायांना सांगितलं होतं, की आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी 1972 च्या दुष्काळाने शाळेबाहेर काढली. मराठवाड्याइतकी दशा आमच्याकडे नव्हती, पण रेशनला लाल मिलो आली होती, तिचा बाप खडी फोडायला जात होता, आणि जून 1973 ला नववी सुरू झाली तेव्हा ती आली नाही. दुष्काळ नसता तर, असं मी म्हणत होते.

"दुष्काय कायचा?" सरकी म्हणाली. "दुष्कायात तं मी आठवी पास झालो. पयला नंबर."

"मग?"

"तू आत्याकडे राहाले गेली न शायेच्या गावात. नववीले. मंग पांदणीत सोबत कोन? बाप म्हने, एकटी पोरगी दोन कोस नाई धाडत. बस."

तिने कपबशा उचलल्या आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी अंगणातच बसून होते. ती आत्याकडे राहायची हौस माझी होती. पायपीट नको म्हणून मीच आईच्या मागे लागले होते. बावन्न वर्षं मी ही गोष्ट दुष्काळाच्या नावावर लिहीत आले, आणि तिने ती राग न धरता, भाकरीच्या पिठाचं माप सांगावं तशी सांगितली.

ती बाहेर आली ती वही घेऊन. लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची.

"तुमच्या त्या घड्याळाले सांग. चाळीस ताटांची ऑर्डर व्हती, दीडशे रुपये ताट. जेवले सेहेचाळीस. डायव्हर, नातू, गुरुजीसोबतचे दोघं, आन् तो एक अकरावीवाला. सहा हजार नवशे. दोन हजार अडव्हान्स. राह्यले चार हजार नवशे. उद्या देतो म्हने, दोन दिवस झाले."

मी पर्स उघडली.

"तू कायले देतं? हिशेब ज्याचा त्याचा." पर्स तिने स्वतःच्या हाताने बंद केली.

"तुझा नंबर दे, ग्रुपमध्ये टाकायला सांगते."

"नोको माय. सक्काय-सक्काय ते गुलाब कोन पायत बसन? तुले देतो, तू फोन कर."

निघताना तिने कागदाच्या पुडीत मूठभर सरकी दिली. मी दारातच एक दाणा चावला. दात बसवलेले आहेत, निघाले असते.

रात्री, गाडीत

दादा मूर्तिजापूरला सोडायला आला. कागदाबद्दल बोलला नाही. संत्र्यांची पिशवी दिली आणि म्हणाला, "कागद आला की वाच. मंग बोलू." एवढं पुष्कळ झालं.

शेगाव गेल्यावर ग्रुप उघडला. दोनशे अकरा फोटो, त्यातल्या एकोणीसमध्ये माझी मान वाकडी. मी घड्याळला लिहिलं की जेवणाचे पैसे आठवणीने द्यावेत, आणि जेवण कोणाच्या हातचं होतं तेही लिहिलं. अंगठा आला. मग गुलाब. मग दोन-तीन जणांनी विचारलं, सरकी म्हणजे कोण? पांदणीतून यायची ती का? अकरावीवाल्याने, त्याला आता ग्रुपात घेतलंय, लिहिलं: मले आठवते, ते मले गणित सांगे.

मलकापूरच्या जवळपास फोन वाजला. नंबर नवा, आवाज तोच.

"पैसे आले. चार हजार."

"बरं झालं."

"चार हजार नवशे व्हते न? त्यानं चाळीसच ताटं धरले."

मी ग्रुप पुन्हा उघडला आणि टाइप केलं, नऊशे बाकी आहेत.